फक्त दोन चुका

लाल पेन हातात असलं की मला माणसं दिसत नाहीत, असं माझा नवरा म्हणतो. तो थट्टेत म्हणतो, मी फणकाऱ्याने उत्तर देते आणि विषय तिथेच संपतो. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत तरी संपायचा.

मी जर्मन शिकवते. जळगावात मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिठाच्या गिरणीच्या वर माझी एक खोली आहे. गिरणी सुरू झाली की बाकं थरथरतात आणि फळ्यावर पिठाचा पातळ थर बसतो. शनिवार-रविवार मी एसटीने धुळ्याला जाते, तिथे माझी दुसरी बॅच असते. नवऱ्याच्या नोकरीपायी पुणं सोडून इकडे आले तेव्हा शेजारणी विचारायच्या, ‘जर्मन? ते इथे कोण शिकणार?’ दहा-बारा वर्षं मलाही तोच प्रश्न पडला होता. मग तिकडच्या दवाखान्यांना परिचारिका हव्याशा झाल्या आणि आमच्याकडच्या नर्सिंग झालेल्या मुली वह्या घेऊन जिना चढू लागल्या.

मुली कष्टाळू होत्या. अगदी नको इतक्या कष्टाळू. व्याकरण घोकायच्या, नमुन्याची पत्रं घोकायच्या, ‘माझं कुटुंब’ नावाचा परिच्छेद घोकायच्या. धुळ्याच्या बॅचमध्ये अकरा जणी होत्या आणि अकराही जणींचा छंद ‘वाचन आणि संगीत’ होता. एकीला मी विचारलं, शेवटचं काय वाचलंस? ती म्हणाली, ‘मॅडम, तेच वाक्य.’ मला हसू आलं आणि रागही आला. परीक्षेत घोकलेलं खपतं, पण समोरचा माणूस ‘आज कसं वाटतंय’ म्हणाला की घोकलेलं सगळं उडून जातं.

म्हणून मी ब्लॉग काढला. सगळ्या बॅचचा मिळून एक, कुणालाही वाचता येईल असा उघडा. दर आठवड्याला प्रत्येकीने दीडशे शब्द लिहायचे, स्वतःचे, नमुना न बघता. बाकीच्यांनी खाली काहीतरी विचारायचं आणि मी शेवटी चुका दाखवून शेरा द्यायचा. मुलींनी माना डोलावल्या, पण लिहीना कोणी. घरातलं, कामावरचं जगासमोर कसं लिहायचं, याची त्यांना भीती. तेव्हा मी जे बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हणाले, ‘लिहा बिनधास्त. अख्ख्या खानदेशात जर्मन वाचणारं माणूस मी एकटी आहे.’

बढाई होती ती. पण तिचा उपयोग झाला. परकी भाषा म्हणजे किल्ली आपल्याच कमरेला असलेलं कपाट, असं मुलींना वाटायला लागलं आणि त्या लिहायला लागल्या. एकीने बहिणीशी झालेलं भांडण लिहिलं, एकीने नापास झाल्याचं लिहिलं. महिन्याभराने एका पोस्टखाली थेट जर्मनीतून कुणाचा तरी प्रतिसाद आला. त्या कुठल्याशा छोट्या गावातल्या एक निवृत्त परिचारिका होत्या. त्या दर आठवड्याला सगळ्यांचं वाचायच्या आणि एखादा प्रश्न विचारायच्या. मुली हवेत. मीही हवेतच. माझी पद्धत लागू पडली म्हणून मी नवऱ्याला जेवताना दोनदा तेच सांगितलं.

मी मात्र ब्लॉग वाचत नव्हते, तपासत होते. क्रियापद जागेवर आहे ना, प्रत्यय बरोबर आहे ना, स्वल्पविराम दिला आहे ना. धुळ्याच्या अकरा पोस्ट मी पाऊण तासात संपवायचे. लाल पेनाऐवजी लाल अक्षरं आली होती, एवढाच काय तो बदल.

त्या बॅचमध्ये सोनगीरजवळच्या एका खेड्यातली मुलगी होती. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील नव्हते. धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात ती दोन वर्षं जनरल वॉर्डात काम करत होती आणि ड्यूटी संपली की तशीच, केसांतल्या पिना न काढता वर्गात यायची. बोलायची कमी. तिची परीक्षा झाली होती, परिचारिकांना जर्मनीला पाठवणाऱ्या एजन्सीने तिकडच्या दवाखान्याच्या मुलाखतीची तारीख दिली होती आणि आता एकच कागद राहिला होता, दवाखान्याचा अनुभवाचा दाखला. तो मुलाखतीआधी पोचला नाही तर तिचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत जाणार होतं आणि पुढच्या वर्षी यादी निघेलच, असं कोणी सांगत नव्हतं.

मुलाखतीला नऊ दिवस उरले असताना रविवारी सकाळी तिच्या आईचा फोन आला. मी धुळ्याला निघालेल्या एसटीत होते. आई अहिराणीत बोलत होती, घाबरली की ती प्रमाण मराठीच्या वाटेला जात नसे. ‘मॅडम, पोरले दवाखानामातून बलावणं येल शे. मोठा डॉक्टर म्हणस, दाखला भेटाव नही. तुमनंबी नाव लेस. तिनी काय लिखेल शे वं?’

दाखला मिळणार नव्हता आणि माझंही नाव निघालं होतं. तिने काय लिहिलं होतं? मला आठवेना. खरंच आठवेना. दोन आठवड्यांपूर्वीचा विषय ‘माझ्या कामाचा एक दिवस’ असा होता, एवढं आठवलं. तिच्या पोस्टला मी चांगला शेरा दिला होता, हेही आठवलं. मजकूर म्हणून काहीही आठवेना. मी मोबाइलवर ब्लॉग उघडला. एरंडोल मागे गेलं होतं, गाडी खड्ड्यांत आदळत होती, शेजारच्या बाईंची पिशवी माझ्या मांडीवर येत होती. मी ती पोस्ट पहिल्यांदा वाचली.

तिने लिहिलं होतं की त्या दिवशी दुपारच्या पाळीत वॉर्डात दोघी असायला हव्या होत्या, पण ती एकटीच होती आणि खाटा सव्वीस होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर एक आबा होते. मुलगा औषधं आणायला गेला होता. आबांनी हाक मारली, पाणी दे वं माय. ती म्हणाली, आले आबा. एकीचं सलाईन संपलं होतं. आबांनी पुन्हा हाक मारली. ती म्हणाली, आले. एका बाळाला उलटी झाली. आबांनी चार वेळा पाणी मागितलं आणि चारही वेळा ती ‘आले’ म्हणाली. पेला घेऊन गेली तेव्हा आबा गेले होते. डॉक्टर धावत आले, छाती दाबली, उपयोग झाला नाही. मग मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी चार्ट बघितला. दोन वाजताचे रकाने कोरे होते. त्या म्हणाल्या, नातेवाईक यायच्या आत भर, रकाना रिकामा ठेवायचा नसतो. तिने नाडी लिहिली, रक्तदाब लिहिला. पुढचा रकाना होता ‘काय दिले’. तिथे तिने लिहिलं, पाणी, दोनशे मिली. खाली सही केली.

पोस्ट तिथे संपत होती. त्याखाली माझा शेरा होता. ‘खूप छान! फक्त दोन चुका. पाचव्या वाक्यात क्रियापद शेवटी हवं. आणि आबा हा शब्द जर्मन वाचकाला कळणार नाही, त्याऐवजी वृद्ध रुग्ण असं लिही.’ शेवटी मी एक हसरा चेहरा टाकला होता.

त्याखाली जर्मनीतल्या त्या बाईंचा प्रतिसाद होता. ‘आबा कोण होते, मला सांगशील का? आणि तू कशी आहेस? तू हे कुणाशी बोललीस का?’ तो प्रतिसादही मी पाहिला होता. इतकंच नाही, पुढच्या रविवारी वर्गात फळ्यावर लिहिला होता, प्रश्न आदबीने कसे विचारावेत याचा नमुना म्हणून. ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसून तो वहीत उतरवून घेत होती.

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. मी खाली उतरले आणि पुन्हा वर चढले. स्वतःच्या कानाखाली मारता आली असती तर बरं झालं असतं, असं वाटत होतं.

धुळ्याला दवाखान्याबाहेर, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर मायलेकी बसल्या होत्या. मुलीने सगळं सांगितलं, खाली बघत, एखाद्या रुग्णाची माहिती द्यावी तसं. वर्गातल्याच एकीने मोठ्या कौतुकाने ब्लॉगची लिंक मोबाइलच्या स्टेटसवर टाकली होती, आमचं लेखन जर्मनीत वाचतात म्हणून. बिलाच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाने ती उघडली. पान उघडताच मोबाइलने त्याला विचारलं, मराठीत करून दाखवू का? त्याने बोट ठेवलं. बस. माझ्या त्या कपाटाला कुलूपच नव्हतं. त्याने छापून काढून कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले होते.

‘मॅडम,’ आई म्हणाली, ‘तिनी बठ्ठं खरंच लिखेल शे ना? मंग?’

सगळं खरंच होतं. मी म्हणाले, ‘आधी वर जाऊ.’ आई खालीच थांबली.

डॉक्टर ओरडतील अशी मी तयारी करून गेले होते. ते ओरडले नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. माझ्याच वयाचे असतील. डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी मला बसा म्हटलं, मुलीला म्हटलं नाही. कागद उचलून त्यांनी शांतपणे वाचायला सुरुवात केली, मोबाइलने केलेल्या ओबडधोबड मराठीत, पहिल्या ओळीपासून. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. दोनशे मिलीपाशी त्यांचा आवाज जरा अडला. मग ते माझ्या शेऱ्यावर आले.

‘खूप छान, फक्त दोन चुका,’ त्यांनी वाचलं आणि मान वर केली. ‘म्हणजे तुमच्या मते यात दोनच चुका आहेत, मॅडम.’

त्यांनी कागद टेबलावर ठेवले.

‘आबांचं हृदय मुळातच गेलेलं होतं,’ ते म्हणाले. ‘पाणी वेळेवर मिळालं असतं तरी ते त्या दुपारीच गेले असते. मला माहीत आहे, हिलाही माहीत आहे. पण हे त्यांच्या गावात कुणी वाचलं तर? दहा जण येतील, खालची काच फोडतील, वरच्या मजल्यावर बाळंतिणी आहेत. दुसरी नर्स मी कुठून आणू? मिळाली की तुम्ही तिला जर्मन शिकवता.’

ते खोटं नव्हतं. त्यांनी दवाखान्याचा कोरा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं. ‘तुम्ही शिक्षिका आहात. लिहून द्या की हा काल्पनिक स्वाध्याय होता, भाषेच्या सरावासाठी. हिनेही सही करायची. ब्लॉगवरही तेच टाकायचं. दाखला आत्ता देतो, चांगल्या वर्तणुकीसकट.’

मी पेन उचललं. हे मला लपवायचं नाही. मी पेन उचललं आणि लिहायला लागले, कारण त्या क्षणी मला फक्त तो दाखला दिसत होता. नऊ दिवस, एजन्सी, यादी, खाली पायरीवर बसलेली आई. चार ओळींचं तर काम. शिवाय काल्पनिक स्वाध्याय देतातच की आम्ही भाषेचे शिक्षक. आणि खरं सांगायचं तर माझीही सुटका त्याच कागदात होती. काल्पनिक असेल तर ‘खूप छान’ म्हणण्यात गैर काहीच नव्हतं.

‘एक विचारू?’ मी लिहीत असताना डॉक्टर म्हणाले. ‘तुम्ही हे वाचलंत, तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?’

पेन थांबलं. वाचलं होतं म्हणावं तर मी दगड ठरत होते. नव्हतं म्हणावं तर त्याहून वाईट. आणि ती मुलगी आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघत होती.

‘मी चुका वाचल्या,’ मी म्हणाले. ‘बाकी वाचलं नव्हतं. आज सकाळी वाचलं.’

तिने डोळे खाली वळवले. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तिथे फक्त काहीतरी कळल्यासारखं होतं. पंधरा दिवस जे कोडं सुटत नव्हतं ते सुटावं, तसं.

मी उरलेल्या दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेतला आणि वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. मग टेबलावर परत ठेवला.

‘मॅडम, आबा काल्पनिक नव्हते,’ ती म्हणाली.

‘अगं सही कर,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. ‘नऊ दिवस आहेत. बाकीचं मागून बघू.’

ती डॉक्टरांकडे वळली. तिचे शब्द नीट होते. ‘सर, पोस्ट मी आत्ता काढते. दवाखान्याचं नाव मी त्यात लिहिलं नव्हतं, पुढेही लिहिणार नाही. चार्टवर सही माझी आहे, कुणी सांगितलं ते मी म्हणणार नाही. पण हे घडलंच नाही असं मी लिहून देणार नाही. एकदा खोटं लिहिलं तर मला झोप येत नाही, सर. दुसऱ्यांदा नका लिहायला लावू.’

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं, त्याच्या चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, संपलं. दाखला गेला, मुलाखत गेली, सगळं माझ्या त्या एका पाऊण तासापायी. मी तिच्यावर मनातल्या मनात चिडलेही होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

‘दोन वर्षं इथे होती, हे खरं आहे,’ शेवटी डॉक्टर म्हणाले. ‘तेवढंच लिहीन. जास्त मागू नका.’

त्यांनी टाइप केलेला दाखला खणातून काढला. म्हणजे तो तयारच होता. शेवटची ओळ आपल्याकडच्या प्रत्येक दाखल्यावर असते, यांची वर्तणूक चांगली होती, त्याशिवाय दाखला दाखला वाटत नाही. त्यांनी त्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, बाजूला सही केली आणि शिक्का मारला. माझा कागद त्यांनी फाडून टोपलीत टाकला. तिने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर पोस्ट काढून टाकली.

जिना उतरताना मी म्हणाले, ‘तू मला तोंडानं का नाही सांगितलंस?’

‘मराठीत सांगता येत नव्हतं, मॅडम,’ ती म्हणाली. ‘आईला सांगितलं तर ती घाबरते. आमच्यात कुणाला सांगितलं तर गावभर होतं. जर्मनमध्ये शब्दच मोजके होते, म्हणून लिहिता आलं. वाटलं, तुम्ही तरी वाचाल. पंधरा दिवस रोज बघत होते, तुम्ही काही विचारता का.’

तिने हे मुळीच टोचून सांगितलं नाही. पायऱ्या मोजल्यासारख्या ती उतरत होती. औषधाच्या दुकानापाशी आई उठून उभी राहिली आणि दाखला उलटा धरून बघू लागली.

एजन्सीच्या माणसाने दाखल्याचा फोटो पाहून लगेच फोन केला. ‘मॅडम, हे काय? वर्तणुकीच्या ओळीवर रेघ? ते लोक भाषांतर करून घेतात, विचारणारच. मुलीला काहीतरी नीट उत्तर शिकवून ठेवा. छपाईची चूक होती म्हणा.’ मी बरं म्हटलं. मग आठ दिवस मी तिला तसं काहीच शिकवलं नाही. ती रोज जळगावला येत होती, मुलाखतीचे प्रश्न आम्ही करत होतो, आणि तो एक प्रश्न मी दर वेळी गाळत होते. शिकवायला तोंड उघडायची माझी हिंमत होत नव्हती.

मुलाखत माझ्याच खोलीतून झाली, कारण तिच्या खेड्यात रेंज टिकत नाही. त्या दुपारी मी गिरणीवाल्या भाऊंच्या हातापाया पडून दोन तास गिरणी बंद ठेवायला लावली. तिने पांढरा कुडता घातला होता, केसांना तेल लावून घट्ट वेणी. लॅपटॉपच्या पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा जागी, मी वही घेऊन बसले. नेहमीसारखीच. लाल पेन, पानाच्या मध्ये उभी रेघ, डावीकडे चूक, उजवीकडे दुरुस्ती.

पडद्यावर दोघे होते. पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्या तिकडच्या दवाखान्यातल्या परिचारिकांच्या प्रमुख, आणि एक तरुण गृहस्थ. सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. कुटुंब, शिक्षण, इकडे यायचं का ठरवलं. मी डावीकडे तीन चुका लिहिल्या. मग त्या बाईंनी कागद उचलला. ‘तुमच्या दाखल्यात एक ओळ खोडलेली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ती वर्तणुकीबद्दल होती, असं दिसतं. का खोडली?’

मी वहीकडे बघत राहिले. छपाईची चूक, असं ती म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. मनातून कदाचित मला तेच हवं होतं.

‘वॉर्डात एक आबा होते,’ ती म्हणाली.

तिने वृद्ध रुग्ण म्हटलं नाही. आबा म्हटलं, आणि मग जर्मनमध्ये सांगितलं की आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणतात, नाव घेत नाहीत. मग तिने ती दुपार सांगितली. सव्वीस खाटा, सलाईन, बाळ, चार हाका. क्रियापदं इकडची तिकडे गेली, एक दोन शब्द अडकले, ‘रकाना’ला शब्द सापडेना तेव्हा तिने हवेत बोटाने चौकोन काढला. मी पेनाला टोपण लावलं. माझ्या हाताखालून इतक्या वर्षांत किती पानं गेली असतील, पण कुणाचं बोलणं मी असं सलग, चूक न शोधता, पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज होईल म्हणून मी नाकही ओढत नव्हते.

दोनशे मिली म्हणून ती थांबली. पडद्यावरच्या बाईंनी दाखला खाली ठेवला.

‘हे तुमच्याबरोबर घडल्यावर तुम्ही काय केलंत?’ मग त्यांनी विचारलं. ‘कुणाला सांगितलंत?’

‘मी लिहिलं. आमच्या वर्गाच्या ब्लॉगवर.’

‘आणि कुणी वाचलं?’

मी मान वर केली. उत्तर मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, डॉक्टरांच्या खोलीत तिने ते माझ्याच तोंडून ऐकलं होतं. सातासमुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईने वाचलं आणि बिलाच्या खिडकीवरच्या माणसाने वाचलं. एवढंच खरं उत्तर होतं. तिची नजर लॅपटॉपच्या वरून माझ्यावर आली, माझ्या तोंडावर, बंद पेनावर.

‘माझ्या बाईंनी,’ ती म्हणाली. ‘त्यांनी त्याच दिवशी वाचलं. त्या माझ्याशी बोलल्या. म्हणून मला धीर आला.’

बिनचूक वाक्यं होती. तीनही.

पडद्यावरच्या बाई हसल्या. म्हणाल्या, तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

निकाल दहा दिवसांनी आला, निवड झाली. मग व्हिसा, तिकीट, तिकडच्या थंडीचे कपडे, यात दोन महिने गेले. त्या दिवसांत ती एकदा आईला घेऊन आबांच्या गावी जाऊन आली. तिथे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. परत आल्यावर ती दोन घास जास्त जेवली, असं तिची आई म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. मुरमुरे, शेव आणि लोणच्याची बरणी, हे सगळं बॅगेत बसत नाही म्हणून तिने पुन्हा बांधून घेतलं. गिरणी चालू होती. मी दोन महिने जे ओठांवर आणत नव्हते ते शेवटी विचारलं. ‘त्या बाईंना तू खोटं का सांगितलंस? मी वाचलं नव्हतं. तुला तर खोटं लिहिलं की झोप येत नाही.’

ती बरणीच्या तोंडाला फडकं बांधत होती. दोरीची गाठ नीट बसेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

‘तुमचा रकाना रिकामा होता, मॅडम,’ ती म्हणाली. ‘समोर तुम्ही बसलेल्या. मी भरून टाकला.’

मग तिने माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. ब्लॉग उघडला, काढून टाकलेली पोस्ट जपून ठेवली होती ती पुन्हा लावली, पण फक्त आम्हा दोघींनाच दिसेल अशी. आबा, हाका, दोनशे मिली, सगळं होतं तसं. क्रियापद तिने जागेवर नेलं होतं. आबा हा शब्द बदलला नव्हता. माझा जुना शेरा पोस्टबरोबरच गेला होता आणि खालची चौकट कोरी होती. तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

‘सही तेवढी तुमनी बाकी शे,’ ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरून गेली.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.